तंबूतल्या पोरींची सावड

गेल्या महिन्यात शिरूरच्या बाजारात ताडपत्री घ्यायला गेले होते. दारात वाळवण घालते, त्यावर टाकायला. दुकानातला पोरगा भला होता, एकेक घडी उलगडून दाखवत होता. निळी, पिवळी, एक आतून चंदेरी. सगळ्या प्लास्टिकच्या. कोपऱ्यात मात्र एक जुनी, जाड कापडाची पडली होती, मेणचट, शेवाळी रंगाची. मी ती उचलली आणि नाकाशी धरली.

"आजी, ती नका घेऊ," तो म्हणाला. "जड हाय, आन् वास मारतीय."

"वासासाठीच धरलीय बाबा. घेत न्हाई."

त्याला काय कळणार. तंबूचा वास होता तो. दिवसभर उन्हात तापलेलं आणि पहाटे दवात भिजलेलं जाड कापड. त्यात कंदिलाचं रॉकेल, पोरींच्या वेण्यांचं खोबरेल, आणि पायाखाली चुरगळलेला आंब्याचा पाला. चिमटीत धरून कुणाला दाखवता येत नाही असला वास. मी निळी ताडपत्री घेतली आणि एसटीत बसले, पण घरी पोचेपर्यंत मी काही त्या एसटीत नव्हते.

घोडनदीच्या कडेला, कवठे येमाईच्या अलीकडं, एक आमराई होती. तिथं दर थंडीला गाईडच्या पोरींचं शिबिर भरायचं. शिरूरच्या शाळा यायच्या, दौंडहून रेल्वे कॉलनीतल्या पोरी यायच्या, आणि आमच्या गावातून आमची पलटण. तेव्हा रांजणगावच्या माळावर कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या आणि कारेगावात भाड्यानं खोली मिळेनाशी झाली होती, म्हणजे बघा किती वर्षं झाली.

मी शाळेत शिवण शिकवायची. माझी स्वतःची शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं मशीनवर बसून, बाजाराच्या पुडीचे कागद वाचून आणि लोकांचं ऐकून शिकले. त्यामुळं मला कुणी मॅडम म्हटलं नाही कधी. पोरी 'शिवणबाई' म्हणायच्या, आणि ते मला आवडायचं. गाईडमध्ये आले ती केवळ बाईमाणूस म्हणून. पोरी शिबिराला न्यायच्या तर बरोबर बाई पाहिजे, आणि आमच्या शाळेत तर सगळे मास्तर. हेडमास्तर मशीनपाशी येऊन उभे राहिले.

"बाई, तुम्ही जा पोरींबरोबर."

"मला गाईडमधलं काय कळतंय, सर?"

"पोरींमधलं कळतं ना? मग झालं."

तोपर्यंत मी नातेवाइकांचं घर सोडून कुठं मुक्काम केला नव्हता. पोरींचं बाजूलाच राहू द्या, टेम्पोत बसले आणि मीच दोनदा खाली उतरून घराचं कुलूप ओढून बघून आले.

काय सांगू त्या दिवसांचं. सकाळी शिट्टी वाजायची. धुकं नदीवरून उठून तंबूंच्या दोऱ्यांना लोंबकळत असायचं. थंडीनं पोरींचे दात वाजायचे, तशात त्या निळा पोशाख घालून, गळ्यात स्कार्फ अडकवून रांगेत यायच्या. झेंड्याची दोरी ओढली की गाठ सुटायची आणि झेंड्यात बांधलेल्या शेवंतीच्या पाकळ्या पहिल्या रांगेच्या डोक्यावर पडायच्या. मग प्रार्थना. प्रत्येक धर्माचं थोडं थोडं म्हणायचं असायचं. पहिल्या वर्षी मला पंचशील म्हणायला लावलं. आमची वस्ती विहाराच्या मागं, त्यामुळं लहानपणापासून कानावर पडलेलं. शेवटी मी 'साधु' म्हटलं, तर अख्खी रांग माझ्यामागं 'साधु, साधु, साधु' म्हणाली. आमराईतले साळुंक्यांचे थवे भुर्रकन उडाले. तो आवाज अजून कानात आहे.

दौंडच्या कॅप्टन मॅडम सगळ्या शिबिराच्या प्रमुख. उंच, केस बारीक कापलेले, बोलणं तुटक. त्या आल्या आल्या सगळ्यांशी डाव्या हातानं हात मिळवायच्या, तीच गाईडची रीत. आमच्या पोरींनी डावा हात पाठीमागं लपवला. डावा हात कुणाला देतात का? एक तर मला हळूच म्हणाली, "बाई, मॅडमला शिकवलं न्हाई वाटतं कुणी."

अशा आमच्या गमती. पहिल्याच दिवशी तंबूची तपासणी होणार म्हटल्यावर दौंडच्या पोरींनी काठ्या आणि सुतळी घेऊन, एकही खिळा न मारता, चपला ठेवायची मांडणी केली, ताटं ठेवायची घडवंची केली. आमच्या पोरींनी काय करावं? शेजारच्या गोठ्यावरून पाटीभर शेण आणलं आणि तंबू आतून सारवून काढला. दारात रांगोळी. मॅडम आत आल्या, खूश झाल्या, गुण दिले. आणि दुपारी आमच्या लक्षात आलं की सारवण वाळायच्या आधीच वर सतरंज्या अंथरल्यात. त्या रात्री सगळ्या जणी दौंडच्या तंबूत दाटीवाटीनं झोपल्या. ओळखी अशा झाल्या, त्यासाठी काही वेगळा खेळ घ्यावा लागला नाही.

भांड्याशिवाय स्वयंपाक करायची स्पर्धा असायची. शहरातल्या पोरी काठीला कणीक गुंडाळून भाजायच्या, बटाटे निखाऱ्यात पुरायच्या. आमच्या पोरींना हसू आवरेना. त्यांनी खड्डा केला, गोवऱ्या पेटवल्या आणि ज्वारीची कणसं त्यात खुपसली. हुरडा हातावर चोळून गरम गरम पुढ्यात ठेवला, तेव्हा कॅप्टन मॅडमचं तुटक बोलणंही थांबलं. हिरव्या दाण्याचा तो गोड धूर पोरींच्या ओढण्यांत दोन दिवस राहिला.

आमच्या पलटणीची नायिका, म्हणजे पुढारी, सुनंदा. आठवीतली, काटकुळी, पायानं झपाझप चालणारी. तिच्या गळ्यात शिट्टी असायची. ती शिट्टी ती आंघोळीलाही काढायची नाही. आमच्या पोरी घाबरल्या, रडकुंडीला आल्या, की सुनंदाकडं बघायच्या. आणि मीही बघायची, खोटं कशाला बोला.

तिला आणायचं सोपं नव्हतं. त्यांच्या घरात आबांचा शब्द, म्हणजे तिच्या आजोबांचा. पांढरी टोपी, धोतर, कमी बोलणारे. शिबिर म्हणजे काय हे त्यांना मी तीनदा समजावलं. शेवटी म्हणाले, "खेळायलाच जाणार ना? जाऊ द्या. पण कांद्याची लागण लागली की पोरगी घरी पायजे." मी म्हणाले, लागणीच्या आत परत येतो. सगळा हिशोब जमला होता.

शिबिराच्या तिसऱ्या सकाळी झेंडा चढला, प्रार्थना चालू होती, आणि आमराईच्या कडेला आबा सायकल धरून उभे दिसले. प्रार्थना संपेस्तोवर ते हलले नाहीत. मग सायकल झाडाला टेकवून माझ्याकडं आले.

"बाई, पोरगी न्यायला आलोय."

"आबा, लागण पुढच्या आठवड्यात म्हणाला होता ना?"

"व्हती. पर रोप थोराड झालं. काल उपटून ठिवलंय. आन् बाया यायच्या त्या समद्या कारेगावला कंपनीत चालल्या. दोघीजणी आल्यात नुसत्या. लाईट दुपारपातुर. त्यात लागण न्हाई झाली तर रोप वाया. एकेक हात पायजे."

त्यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं. रोप उपटल्यावर थांबत नाही, हे मला कळत होतं. कॅप्टन मॅडम पुढं आल्या आणि सवयीनं डावा हात केला. आबांनी दोन्ही हात जोडले.

सुनंदानं गळ्यातली शिट्टी काढली आणि तंबूच्या खुंटीला अडकवली. मग वळकटी गुंडाळायला लागली. संध्याकाळी शेकोटी होती, ती पेटवायचा मान तिला मिळाला होता. दोन दिवस ती त्यासाठी काटक्या रचून बघत होती.

मी आमच्या बाकीच्या पोरींकडं बघितलं. सगळ्यांचे डोळे आपापल्या वळकट्यांकडं. सगळ्यांच्या घरी लागण होतीच की. एक गेली की दुपारी दुसरीचा बाप येणार, संध्याकाळी तिसरीचा. आणि पुढच्या वर्षी मी दारोदार फिरले तरी एकही पोरगी मला मिळणार नव्हती. लोक म्हणणार, मागच्या वेळी आबांनी आणली ना माघारी.

"किती बायकांचं काम आहे?" कॅप्टन मॅडमनं विचारलं.

"पंधराएक पायजेत," आबा म्हणाले.

"आज आम्हाला हाईक करायचंय. म्हणजे कुठंतरी चालत जायचंच आहे. सगळ्या पोरींना घेऊन तुमच्या रानात येते."

आबांनी दौंडच्या पोरींच्या बुटांकडं बघितलं. "त्या रोपाचं गवत करत्याल, मॅडम."

"आमच्या पोरी शिकवतील की त्यांना," मी मध्येच बोलले. आबा सायकल घेऊन पुढं झाले. येऊ नका, असं म्हणाले नाहीत, एवढंच.

आमराईपासून त्यांचं रान दोन कोस असेल. पोरी रांगेनं गात गेल्या. पुढं झेंडा, मागं मी, आणि दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याच्या वर. बांधावर पोचलो तर सुनंदाची आजी कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "आगं बया, ही वरात कुणाची?"

मग काय ते दृश्य. सलवारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, गार चिखलात पोरी उकिडव्या बसलेल्या, हाताला रोपाचा तिखट वास. रेल्वे कॉलनीतली एक पोरगी हिंदीत विचारायची, "आजी, कितना अंदर दबाना है?" आणि आजी तिच्या हिंदीत सांगायची, "बोटभर घुसाव. पर मुंडी मत दाबना, गुदमरता है वो." दौंडच्या पोरींना सरळ रेषेची फार सवय. त्यांनी तंबूच्या दोरीला वीत वीत अंतरावर गाठी मारल्या, वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकाला ताणून धरली आणि गाठीगाठीला एकेक रोप लावत गेल्या. आबा मागं येऊन उभे राहिले.

"आरं, कांदं लावताय का रेल्वेचं रूळ?"

चिखलात बसलेल्या दोन रोजगारणीसुद्धा हसून लोळल्या. पण आबांनी दोरी काढायला लावली नाही. त्यांनी स्वतः टोक धरलं आणि पुढच्या वाफ्यावर ताणून दिलं. मीही लुगड्याचा काष्टा मारून सुनंदाच्या शेजारी बसले होते. ती सगळ्यांत भराभर लावत होती आणि एकदाही वर बघत नव्हती. शेवटच्या वाफ्यात पाणी शिरलं तेव्हा मोटार अजून चालू होती. मग लाईट गेली आणि एकदम सगळं शांत झालं. नुसता पाण्याचा खळखळाट मागं राहिला.

भाकरी आजीनं केल्या होत्या. बांधावर बसून पोरींनी खाल्ल्या, चटणी आणि ओल्या कांद्याच्या पातीबरोबर. आबा कॅप्टन मॅडमसमोर येऊन बसले.

"मॅडम, ही सावड कशी फेडायची ते बोला."

"फेडायची नाही, आबा. ही सेवा आहे. गाईडनं रोज एक चांगलं काम करायचं आणि त्याचं काही घ्यायचं नाही, असा आमचा नियम आहे."

आबांचा चेहरा उतरला. मला तो दिसला, मॅडमना नाही दिसला. आमच्याकडं सावड म्हणजे आज तुम्ही आमच्या रानात, उद्या आम्ही तुमच्या. पैसा नाही, उपकार नाही, दिवसाला दिवस. जो फेडत नाही त्याला गावात तोंड राहत नाही. आणि ही बाई त्यांना फुकट घ्या म्हणत होती.

"रोजानं आणलेल्याला रोज देतो मी, आन् सावडीला आलेल्याची सावड फेडतो," आबा म्हणाले. "फुकाट पोरी राबवल्या असं कुणी म्हणाया नको माझ्या रानाबद्दल."

मॅडम अडल्या. त्यांचाही नियम, त्यांचीही शपथ. दोघंही चांगलं वागायच्या हट्टाला पेटलेले, आणि बाजूला सुनंदा हात धुवायचे सोडून उभी.

मी म्हणाले, "आबा, शिबिराला रान न्हाई. काय फेडणार तुम्ही? तिथं तंबू ठोकायला, पाणी भरायला, शेकोटी रचायला पोरीच लागत्यात."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं. बोटं दुमडत गेले. हाताची झाली, परत पहिल्यापासून सुरू केली. बांधावरच्या एकेका पोरीवर नजर जात होती.

"एकेकीचा एक दिस," ते म्हणाले. "मंग सुनंदा राहू द्या तुमच्याकडं. फिटंस्तवर."

आजी म्हणाली, "आवो, एवढं दिस फिटाया पोरीची दहावी व्हईल."

"व्हईना," आबा म्हणाले. आणि सुनंदाकडं वळून, जसं काही रागावूनच, म्हणाले, "काय बघतीस? चल व्हय पुढं. सावड हाय ती, खेळ न्हाई. तिथं अंग चोरायचं न्हाई."

त्या संध्याकाळी शेकोटी सुनंदानंच पेटवली. एकाच काडीत. पोरींनी पावसाची टाळी वाजवली, आधी एका बोटानं, मग दोन, मग सगळ्या हातांनी. कोरड्या थंडीत सर आल्यासारखी ती टाळी आमराईभर पसरली. माझ्या नखांत कांद्याचा वास तसाच होता. मी तो मुद्दाम धुतला नव्हता.

पुढं नववीला, दहावीला सुनंदा आली. पारावर कुणी विचारलं, "आबा, नात दिसत न्हाई?" तर आबा म्हणायचे, "सावडीला गेलीया." त्यावर कुणाला काही बोलता यायचं नाही. सावडीला गेलेल्या माणसाला कोण नावं ठेवणार? हळूहळू बाकीचे बापही तसंच म्हणायला लागले. कुणाची कसली सावड, कुणी विचारलं नाही. मला टेम्पोत पोरी बसवायला जागा पुरेना.

आता ती आमराई नाही. पाबळला एका लग्नाला जाताना परवा त्या बाजूनं गेले, तिथं कुणाचं तरी गोदाम आहे, पत्र्याचं, लांबच लांब. वाईट वाटलं का? थोडं. पण खरं सांगते, जास्त वाटलं ते दुसरंच. शिवणाच्या मशीनवर वाकून जन्म जायचा होता माझा. त्यात कुणीतरी मला तंबू दिला, नदी दिली, रांगेनं गाणाऱ्या पोरी दिल्या. हे मी मागितलं नव्हतं. मागायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. सुनंदाची आता सासरी रोपवाटिका आहे, तिचा फोन येतो. बोलताना मागं कामाला आलेल्या बायांचा हसण्याचा आवाज येत असतो.

तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. सुनंदाच्या दहावीचे पेपर संपले त्या आठवड्यात, सकाळी आबा आमच्या दारात उभे. खांद्यावर टिकाव आणि खोरं. आमच्या वस्तीच्या तोंडापर्यंत नळाची लाईन आली होती, पण दारापर्यंत चर खणायचा राहिला होता. मला एकटीला होत नव्हता.

"बाई, कुठनं कुठपातुर खांदायचा?"

"आबा, तुम्ही कशाला?"

"पोरींचं दिस पोरीनं फेडलं. त्या दिशी तुम्ही बी चिखलात बसला व्हता. तुमचा दिस मी येगळा धरलाय."

माझी आई त्यांच्याच भावकीच्या रानात जन्मभर रोजानं गेली. रोज संध्याकाळी मिळायचा, कमीजास्त. पण सावड आमच्या वस्तीशी कुणी धरली नव्हती. सावड बरोबरीच्या माणसाशी धरतात. मी नुसतं बोटानं दाखवलं, इथून तिथपर्यंत.

ऊन चढेपर्यंत आबा खणत होते. माती टिकावाला चिकटत नव्हती, भुसभुशीत निघत होती. मी आत चूल पेटवली. भाकरी थापल्या, हुलग्याचं पिठलं केलं. आणि मग उंबऱ्यात घुटमळले. विचारावं का, न विचारावं. आबांनीच टिकाव बाजूला ठेवला.

"काय वो बाई, सावडीच्या माणसाला उपाशी राबवता का?"

ओट्यावर बसून जेवले. येणारेजाणारे बघत होते, त्यांना आबांनी बघू दिलं. दुसरी भाकरी मागून घेतली. हात धुताना म्हणाले, "तुमचा दिस फिटला. सुनंदाचं बी समदं फिटलं. आता धाकटी नात आठवीत जाईल." टोपी नीट केली. "तवा म्हटलं, औंदा लागण कवा ठिवू? मॅडमच्या शिबिराच्या टायमालाच आली पायजे."

"मॅडमना विचारून सांगते, आबा."

"इचारा," ते म्हणाले आणि टिकाव उचलला. "आन् त्यास्नी म्हणावं, रोप जास्ती टाकतोय."